टपरीवरचा लाल ठिपका

पडद्यावर एक लाल ठिपका होता. पंचवटीतल्या एका चहाच्या टपरीवर थांबलेला. तो हलत नव्हता आणि सगळा सेमिनार हॉल हसत होता.

"बघा, बघा! बाईसाहेब चहाला बसल्यात," पाहुणे म्हणाले. शहरातल्या सफाईचे ठेके घेणारे गृहस्थ. पहिल्या रांगेत, सोफ्यावर. "ही लोकं अशीच. एकदा बसली की उठत नाहीत. पगार मात्र वेळेवर पाहिजे."

माईक अथर्वच्या हातात होता. आमच्या गटाचा म्होरक्या. त्यानं ते वाक्य अलगद झेललं. "एक्झॅक्टली, सर. हाच तर आमचा प्रॉब्लेम आहे, आणि हा त्यावरचा उपाय."

पुन्हा हशा. आमचे सरही हसले. मी मागं लॅपटॉपपाशी वायरी सांभाळत बसले होते. मीही हसले. खोटं कशाला सांगू, चांगली दात काढून हसले. पडद्यावर लाल झालेली ती बाई माझी आई होती.

मी नाशिकच्या एका खाजगी विद्यापीठात दुहेरी पदवी करते. एक कॉम्प्युटर आणि इलेक्ट्रॉनिक्सची, दुसरी व्यवसाय व्यवस्थापनाची. म्हणजे एकाच माणसानं यंत्र बनवायचं, त्याचा प्रोग्रॅम लिहायचा आणि ते विकायचंही. बोलायला छान आहे. प्रत्यक्षात वाटणी आधीच झालेली असते. इंग्रजी फाडफाड येतं त्यांनी विकायचं, आमच्यासारख्या स्कॉलरशिपवाल्यांनी सोल्डरिंगचा धूर खायचा. "तुझा हात चांगला आहे गं," अथर्व म्हणायचा. "स्टेजचं आम्ही बघतो." पहिल्या वर्षी त्यानं माझं आडनाव दोनदा विचारून घेतलं होतं. तेव्हापासून ही वाटणी पक्की.

शेवटच्या वर्षीचा प्रोजेक्ट दोन्ही पदव्यांना धरतात. आमचा प्रोजेक्ट होता मनगटी पट्टा. सफाई कामगारांसाठी. आत जीपीएसची चिप आणि हालचाल टिपणारा सेन्सर. बाई थांबली की ठेकेदाराच्या स्क्रीनवर तिचा ठिपका लाल. किती वेळ थांबली म्हणजे कामचोर, ते प्रोग्रॅममध्ये मी लिहिलं. माझ्या बोटांनी. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. प्रोग्रॅम चालला याचाच आनंद झाला.

चाचणीला सफाई करणारी बाई हवी होती. गटात कुणाच्याच ओळखीची नव्हती. "माझ्या ओळखीच्या एक आहेत," मी म्हणाले. ओळखीच्या एक! आई काय करते असं कुणी विचारलं की मी इतकी वर्षं "घरीच असते" म्हणून मोकळी होत आले होते.

सेमिनारच्या दिवशी सकाळी पट्टा मीच तिच्या मनगटावर बांधला. बांगड्या वर सरकवून ती गल्लीभर दाखवत सुटली. "माझ्या पोरीनं बनवलाय. लय भारी हाय." तो कशासाठी आहे ते तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

संध्याकाळी ती घरी आली. मी दारातच विचारलं, "दिवसभर टपरीवर काय करत होतीस?" त्या पाहुण्याच्याच आवाजात. अगदी तस्संच.

"मी कुठं टपरीवर? आज घाटाकडचं गटार उपसायला लावलं. गाळात उभी होते नुसती."

"मग पट्टा?"

"तो व्हय? चहावाल्या मावशीकडं ठेवायला दिला. घाणीत खराब झाला असता ना. तिला बोलले, पोरीच्या हातचा हाय, कुणाला हात लावू देऊ नको." तिनं ब्लाउजमधून रुमाल काढला, घडी उलगडली. पट्टा कोरा करकरीत. "चांगला चालला का गं? सायेब लोक काय बोलले?"

"चांगला चालला," मी म्हणाले.

तिच्या नखांत गाळ होता. मला तिच्या तोंडाकडं बघवेना. आपण किती नीच आहोत असं वाटलं, आणि अजून वाटतं. ती माझं यंत्र जपत होती आणि माझं यंत्र तिला कामचोर ठरवत होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. पाहुणेही बसले होते. पट्टा त्यांना पसंत पडला होता. पंचवटीत त्यांच्या ठेक्यावर असलेल्या सगळ्या सफाईवाल्या बायकांना तो घालायचा होता. "पण आधी मला कालच्या त्या बाईचं नाव पाहिजे," ते म्हणाले. "तिच्यापासूनच सुरुवात करतो."

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"ती माझी आई आहे," मी म्हणाले. "ती तेव्हा तुमचं गटार उपसत होती. पट्टा खराब होऊ नये म्हणून तिनं टपरीवर ठेवला होता."

कुणीतरी काहीतरी बोलेल असं मला वाटलं. निदान कालचं हसू चुकलं, एवढं तरी. अथर्व म्हणाला, "अगं, मग डेटाच चुकला की! आधी नाही का सांगायचंस?"

सरांनी थोडा विचार केला. "म्हणजे पट्टा काढता येतो, हा दोष आहे. कुलूप बसव. तुला जमेल."

मला एकदम सगळं लख्ख दिसलं. आई त्यांच्यासाठी अजूनही ठिपकाच होती. आता न निसटणारा ठिपका हवा होता, आणि तो त्यांना माझ्या हातून करून हवा होता.

"नाही बसवणार," मी म्हणाले.

"दोन्ही पदव्या यावर अडकल्यात. माहितीये ना?"

"माहितीये, सर."

नाही म्हटलं म्हणून मी धुतल्या तांदळासारखी झाले नाही. पट्टा त्यांच्याकडं आहे, प्रोग्रॅमही. कुलूप दुसरं कुणीतरी बसवील. म्हणून काल सकाळी मी आईच्या मागं हजेरी शेडवर गेले. "नको पोरी, बायका काय म्हणतील?" ती वाटभर विनवत होती. झाडू घेऊन उभ्या असलेल्या बायकांना मी सगळं सांगितलं. पट्टा काय करतो, कुणाला काय दाखवतो. आम्ही कसे हसलो, तेही.

एक म्हातारी पुढं आली. "तूच केलास ना ह्यो?"

"हो. मीच."

"आईच्या हातात घालताना काय वाटलं नाय तुला?"

आई खाली बघत होती. तिची नोकरी आता राहील की जाईल, ते मला माहीत नाही. कुणी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही आणि ठेवायला नकोच होता.

मला माफी नको. पदव्या मिळोत, न मिळोत. ज्या सकाळी ते पट्टे घेऊन येतील, त्या सकाळी मी शेडच्या दारात उभी असेन. तो कसा उघडतो ते मला ठाऊक आहे. कुलूप लावलं तरी उघडीन. एकाही बाईच्या मनगटावर तो राहू देणार नाही.