अंजनाकाकींचं बोट

भेंडी तोडताना हात खाजतात, म्हणून शिरवळच्या अंजनाकाकी हातमोजे घालतात. पण डाव्या मोज्याचं अंगठ्याशेजारचं बोट त्यांनी कापून टाकलंय, कारण ते उघडं बोट हेच त्यांचं माप. त्याहून लांब भेंडी परदेशी जाणाऱ्या क्रेटमध्ये पडतच नाही.

परवा माल विकत घेणाऱ्या कंपनीचा नवा माणूस म्हणाला, "काकी, माल मोठा दिसतोय. किलोला पाच रुपये कमी लावतो."

"आवं साहेब, ह्या बोटानं मापूनच तोडलीया. मोजा की मग!"

त्याने पट्टी काढली. अख्खा क्रेट उपसला, पण एकही भेंडी मापाबाहेर निघेना. तो ओशाळून हसला. "बोटावर एवढा भरवसा?"

"भाव पुरा लावा," काकी कडाडल्या. "पट्टी तुमी काल इकत घेतलीसा. माझं बोट पन्नास वर्सं रानात हाय!"