काचेखालचा केस

चित्रकाराची सही असलेल्या महागड्या छापील प्रती विकायला जाण्याआधी त्यांना फ्रेम करणं हे माझं काम. पांढरे हातमोजे, तोंडाला मास्क, आव असा की ऑपरेशनच करतोय. काल एक चित्र बसवलं, मागून टेप लावून बंद केलं, सुलटं करून पाहिलं, तर काचेच्या आत पांढरा केस. उघडून काढला, पुन्हा बंद केलं. आत दुसरा. तिसऱ्यांदा उघडायला वाकलो, तेव्हा बायको माझ्या टकलाकडे बघत म्हणाली, "अहो, हात कसले झाकताय? डोकं झाका."

टोपी घातली. काच स्वच्छ निघाली.

माझे केस जातात कुठे, हे मी डॉक्टरांना वर्षानुवर्षं विचारत होतो. ते केस गावातल्या श्रीमंतांच्या भिंतींवर टांगलेत.