साडेसहाशेचा भाव
इगोलोच्या नाक्यावर आम्ही नोटा बदलून देणारे वीस-बावीस जण ओळीनं स्टुलं टाकून बसायचो. पलीकडे नायजेरिया, तिथला नायरा. अलीकडे आमचं बेनिन, इथला फ्रँक. माझा चुलतभाऊ मुफ्ताऊ माझ्या शेजारी बसे. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. जुने भाव त्याला तोंडपाठ. बायकोनं सांगितलेलं मीठ आणायला विसरेल, पण दहा वर्षांमागच्या एखाद्या आठवड्यात शंभर नायराला किती फ्रँक पडत होते ते बिनचूक सांगेल.

लोक त्याच्याकडे यायचे ते मात्र त्याच्या नेकीसाठी. एकदा कापडवाल्याकडून पाच हजारांची नोट जास्त आली, तर ती परत करायला हा सायकल मारत साकेते गावापर्यंत गेला. बायका त्याच्याकडून घेतलेले पैसे मोजतसुद्धा नसत.

चौऱ्याण्णव सालच्या बारा जानेवारीची, बुधवारची गोष्ट. मी नाक्यावर पोचलो तेव्हा मुफ्ताऊ आधीच येऊन बसला होता. शंभर नायराला साडेसहाशे फ्रँक हा आदल्या दिवशीचाच भाव चालू होता. एरवी पाच-दहा फ्रँकांसाठी घासाघीस करणारा हा माणूस त्या दिवशी येईल त्याला पटापट फ्रँक देत होता.

"काय दादा, आज हात फारच सैल झालाय?" मी म्हटलं. "वहिनीला सवत आणायची आहे का?"

तो हसला नाही. "तू तुझं बघ, रजाक," एवढंच म्हणाला.

नऊच्या सुमाराला इया अबिके आली. थोरली मुलगी अबिके, म्हणून सगळे तिला अबिकेची आई याच नावानं हाक मारत. मुफ्ताऊची आई बाळंतपणात गेली, तेव्हा याच बाईनं त्याला स्वतःच्या अंगावर पाजलं होतं. पलीकडच्या बाजारात वर्षभराचं पामतेल विकून ती सहा हजार नायरा घेऊन आली होती. तिला घरावर पत्रे घालायचे होते.

"एकोणचाळीस हजार झाले, इया," मुफ्ताऊ म्हणाला.

"झाले असतील. मला कुठं मोजता येतंय." तिनं पैसे लुगड्याच्या गाठीत बांधले आणि केळीच्या पानातले चार गरम अकारा, चवळीचे वडे, त्याच्या स्टुलावर ठेवले. "खा. तोंड बघ कसं उतरलंय."

ती गेली. अकारा तसेच गार झाले.

दहाच्या पुढे राजधानीकडून पहिली टॅक्सी आली, आणि ड्रायव्हरनं उतरता उतरताच सांगितलं, फ्रँक वापरणाऱ्या सगळ्या देशांच्या सरकारांनी मिळून त्याची किंमत निम्मी केली. पहिल्यांदा आम्हाला ती थट्टाच वाटली. दुपारपर्यंत शंभर नायराला बाराशे फ्रँक झाले. माझ्या पेटीत होते ते सगळे फ्रँकच. मी डोकं धरून बसलो. शेजारी मुफ्ताऊच्या पेटीत मात्र नायराच्या गड्ड्या होत्या, आणि तो त्यांच्यावर फडकं ओढत होता.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही सगळे आमच्या योरुबा भाषेतल्या बातम्या ऐकायचो, त्या दुपारी लागत. फ्रेंच शिकलेला ओळीत तो एकटा. पहाटेच्या नमाजानंतर रेडिओवर फ्रेंच बातम्या लावायची त्याची सवय होती.

"मला तरी सांगायचंस," मी म्हणालो.

तो म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर ओळभर झालं असतं." मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी इया अबिके परत आली. पत्र्यांचा भाव दुप्पट झाला होता. अर्ध्याच घराचे पत्रे आले होते.

"मुफ्ताऊ, तुला ठाऊक होतं का रे?"

"नाही, इया."

"मग तुझंही बुडालं असेल, लेकरा." तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याच आठवड्यात बाजारात कुणी त्याला लबाड म्हणालं, तर ती भर बाजारात त्या माणसाशी भांडली. "माझ्या दुधावर वाढलाय तो," म्हणाली. मुफ्ताऊ दहा पावलांवर उभा राहून ऐकत होता. मीही होतो. मीही गप्प बसलो. घरातल्या माणसाची अब्रू म्हणून.

त्यानंतर तो तिच्या घरावरून जायचं टाळू लागला. नदीकडून वळसा घालून यायचा. ईदला मटण पाठवायचं तर माझ्या हाती पाठवी. अर्धं घर पत्र्याचं आणि अर्धं गवताचं, अशा त्या घरात म्हातारी अकरा वर्षं राहिली आणि वारली. दफनाला तो सगळ्यांच्या मागे उभा होता.

पुढे विद्यापीठातली एक मुलगी जुने भाव लिहून घ्यायला आली. कुणीतरी तिला मुफ्ताऊकडे धाडलं. तो वर्षावर्षानं भाव सांगत गेला, ती लिहीत गेली. चौऱ्याण्णवचा जानेवारी आला.

"बारा तारखेला काय भाव होता, काका?"

मुफ्ताऊनं तिच्या वहीकडे बघितलं. मग म्हणाला, "ज्यांना ठाऊक होतं त्यांना बाराशे. ज्यांना नव्हतं त्यांना साडेसहाशे."

"यातला कोणता लिहू?"

"दोन्ही लिही. आणि साडेसहाशेपुढे माझं नाव लिही."

तिला काही कळलं नाही. ती गेल्यावर तो मला घेऊन अबिकेकडे गेला. ती आता आईच्याच घरात राहत होती. सगळं सांगितलं. बरोबर आणलेली पैशांची पिशवी त्यानं पुढे ठेवली.

अबिकेनं पिशवी उघडली नाही. "हे कोणत्या दिवसाच्या भावानं आणलंस?" तिनं विचारलं.

"ज्या भावानं सर्वांत जास्त होतात, त्या."

"घेते मी. पत्रे बदलायचेच आहेत." तिनं पिशवी बाजूला सरकवली. "पण आई तुझ्यासाठी लोकांशी भांडली होती. तिचे शब्द कसे परत करणार तू?"

तिनं आम्हाला पाणी दिलं, बसा म्हणाली नाही. दोघांनी उभ्यानंच प्यायलं.

आता तो रस्त्यानं सरळ तिच्या घरावरून जातो. ती दारात असली तर मान हलवते. पण नोटा बदलायच्या असल्या की ओळीत त्याला ओलांडून माझ्याकडे येते, आणि मी दिलेले पैसे तिथंच उभी राहून, एकेक नोट वेगळी करून मोजते. तेवढा वेळ मुफ्ताऊ दुसरीकडे बघत बसतो.