फोटोत कडेला उभी राहणारी माणसं

आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीत वाढदिवसाचे फोटो शेजारच्या वहिनीच काढत. जाड चष्म्यामुळे त्यांचा डोळा कॅमेऱ्याला टेकत नसे, चौकटीच्या कडा दिसत नसत, आणि कडेची माणसं फोटोत अर्धीच येत. माझा डावा कान कॉलनीतल्या एकाही अल्बममध्ये सापडायचा नाही.

सासूबाईंची पंचाहत्तरी जवळ आली तेव्हा माझे दीर शेजारच्या वहिनींना म्हणाले, "वहिनी, यंदा स्टुडिओवाला बोलावू. निदान सगळे येतील तरी."

वहिनी "बरं बरं" म्हणाल्या. चिडल्या की त्या दोनदा बरं म्हणत. दुसऱ्याच दिवशी मला घेऊन त्यांनी मेन रोडवरचं कॅमेऱ्याचं दुकान गाठलं. कॅमेऱ्याला डोळा लावतो तिथे बसवायची नंबरची भिंगं तिथे मिळत. दुकानदाराने चष्म्याच्याच नंबरचं भिंग काढलं. वहिनींनी चष्मा माझ्या हातात दिला आणि एकेक भिंग कॅमेऱ्याला लावून त्यातून समोरच्या मिठाईवाल्याची पाटी वाचली.

"हे द्या."

"ताई, याचा नंबर तुमच्या चष्म्यापेक्षा कमी आहे."

"बरं बरं. मला यातूनच पाटी चारही कोपऱ्यांसकट दिसतेय."

पंचाहत्तरीचा फोटो त्यांनीच काढला. धुऊन आल्यावर सासूबाईंनी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत त्यावरून बोट फिरवलं आणि दिरांना म्हणाल्या, "सगळे आलेत रे. तू तेवढं पोट आत घ्यायचं होतंस."