नालबंदाची बायको लिहायला बसते

ममित नालबंदाला जाऊन वर्ष भरत आलं होतं. बर्फ पडायच्या आत त्याचं वर्षाचं जेवण घालायचं होतं. घोडा कापायचा, सारं गाव जेवायचं, आणि त्याआधी कुणीतरी उठून मेलेल्या माणसाविषयी बोलायचं, ही रीत. थोरल्या दिरानं, असानालीनं, तालुक्याचा एक बोलणारा ठरवला होता. ममितच्या बायकोनं, बुरुलनं, त्या बाबाला गावातल्या किती जेवणांत ऐकलं होतं. त्याच्या बोलण्यात प्रत्येक गेलेला माणूस डोंगर होता, गरुड होता. माणूस बदलायचा, गरुड तोच.

"भावजी, मी लिहून आणते," ती म्हणाली. "तेवढंच वाचायचं."

असानाली मिशीत हसला. "लिही की. जेवणाच्या आत झालं तर बघू. न्हाई झालं तर माझा माणूस हायेच."

बुरुल धार काढून झाली की मेजाशी बसायची. पण माणसाचं लिहायचं तर आधी त्याच्या सात पिढ्यांचे सात बाप सांगायला नकोत? बापाबिगर माणूस काय आभाळातनं पडतो? मग प्रत्येक बापाचा घोडा आला, घोड्याचा रंग आला, कुरण आलं. तेवढ्यात दार वाजायचं. पाहुणा आला की हातातलं टाकायचं, जेवणाचा दस्तरखान पसरायचा, पाव मोडायचा, दुधाचा चहा ओतायचा. पाहुणा उठला की दुसरा हजर. लिहिलेलं पुन्हा वाचून धागा सापडेपर्यंत संध्याकाळची धार यायची.

उन्हाळा सरला. शेजारची कालिपा, जिभेची तिखट, कुंपणावरनं ओरडली, "का गं बुरुल, तुझा ममित जल्मला का न्हाई अजून?"

"पणज्याच्या घोड्यापाशी आलेय."

"मग जेवणाला त्योच घोडा कापू की!"

बुरुलला राग आला, पण खोटं काय होतं त्यात? साती बापांचे कागद तिनं गाद्यांच्या थप्पीखाली सारले. गावची मेंढरं घरटी पाळीनं राखायची असत. तिनं कालिपाची पाळी मागून घेतली, मग पुढच्या घराची, मग त्याच्या पुढच्या.

"येडी झालीस का?" कालिपा म्हणाली. "लोकं पाळी चुकवत्यात आणि तू मागतीयास."

"वर डोंगरात कोण येतंय पाव मोडायला?"

मेंढरं चरायला लागली तशी ती दगडाला टेकून बसली. लिहिलं, ममित डोंगरासारखा होता. मान वर केली तर समोर खरा डोंगर उभा. आणि ममित? तिच्या कानापर्यंत यायचा. तिनं ओळ खोडली. लिहिलं, ममित बुटका होता. मग पेन्सिल चालायला लागली.

तिनं नेम धरला. डोळ्यांनी बघितलेली एक तरी गोष्ट कागदावर उतरल्याशिवाय खाली यायचं नाही. आणि गोष्ट पुरी संपवायचीही नाही, म्हणजे सकाळी हात कुठून घालायचा ते ठाऊक असतं. गारा पडल्या, बोटं आखडली, पण नेम मोडला नाही. संध्याकाळी कालिपा गाय पिळायची आणि ही शेजारी उभी राहून वाचायची. कालिपाचा हात सडावर थबकला की ओळ राहायची. धार खळखळ वाजत राहिली की ओळ गेली.

"ती का खोडलीस?"

"तुझी धार जोरात चालली होती. कंटाळली होतीस तू."

"कंटाळले न्हवते गं, अंधार पडत होता!"

"मग उद्या ऐक परत."

दुसऱ्या दिवशीही धार वाजली. ओळ गेलीच.

जेवणाच्या दिवशी अंगणात तंबू उभा होता, कढया उकळत होत्या. असानालीनं कागद बघितले. "एवढंच? आणि आपले सात बाप?"

"ते गाद्यांखाली हायेत. आज ममितचा दिस हाय."

"बाईमाणसानं भायेर उभं राहून वाचायचं?"

"तुमच्या माणसानं ममितला कधी बघितलंय का?"

असानाली आपल्या बोलणाऱ्याकडे वळला. तेवढ्यात ती तंबूपुढं उभी होती.

"ममित बुटका होता," तिनं वाचलं. माना वळल्या. "नाल मारताना खिळे ओठांत धरायचा. शेवटचा खिळा बसेपर्यंत बोलायचा नाही. मी भांडायला आले की घोड्याचा दुसरा पाय उचलायचा." म्हातारे खोकत हसले. "दांडगा घोडा मला धरायला लावायचा. म्हणायचा, हिच्यापुढं तो हलत नाही." आता पोरीबाळीही हसल्या. बुरुल हसली नाही. तिनं कागद उलटला.

"तो गेला तेव्हा ओठांत एक खिळा होता. म्हणजे एका खिळ्याचं काम राहिलं होतं. घोडा भावजींचा होता. तो खिळा मी ठोकला."

तिनं कागदांची घडी घातली. असानालीला हे ठाऊक नव्हतं. ममितला माती देऊन तो त्याच घोड्यावरनं घरी गेला होता. त्यानं खुंट्याकडे, त्या घोड्याच्या पायाकडे बघितलं, आणि दुवा संपताना फिरवतात तसे दोन्ही तळवे तोंडावरनं फिरवून "ओमीन" म्हणाला. सगळ्यांचे हात उठले.

तालुक्याचा बोलणारा हळूच म्हणाला, "आता मी काय बोलू?"

"जेव," असानाली म्हणाला.

चार दिवसांनी बुरुल पुन्हा काठी घेऊन निघाली. कालिपानं कुंपणावरनं विचारलं, "आता कुणाचं लिवतीयास?"

"तुझं. जित्ती हायेस तवर खरंखोटं विचारता येतंय."

"बुटकी म्हणालीस तर बघ!"

"आधी मेंढरं सोड," बुरुल म्हणाली.