मागचा पिवळा गोळा

हे मी तीन वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं : माझे सासरे चिखलात रुतले होते, आणि मी त्यांना म्हणालो होतो, "आबा, हलू नका!"

वडिवळ्याला त्यांच्या भातखाचराच्या बांधावर कळलावी फुलली होती. या फुलाचा जवळून फोटो काढणं म्हणजे छळ! पाकळ्या मागे वळलेल्या, केसर पुढे पसरलेले. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, मोठं उघडलं, की मागचं सगळं लोण्यासारखं धूसर होतं, पण फुलाचा एखादाच केसर स्पष्ट येतो. बारीक केलं, की अख्खं फूल स्पष्ट येतं, आणि त्याच्यामागे विजेचा खांब, मोटर, वाळत घातलेली गोणपाटंसुद्धा! मी मधला आकडा शोधत बांधावर पालथा पडलो होतो. (पोट आड येत होतं, ते सोडा.)

इतक्यात फुलामागे एक पिवळा गोळा उगवला. काय रंग! लाल फूल, हिरवं भात आणि मागे हा मऊ पिवळा उजेड!

गोळा बोलला, "जावईबापू, हात द्या जरा!"

तो आबांचा रेनकोट होता. आत आबा होते.

"आलोच! एक मिनिट! आबा, हलू नका!"

"हलाया येतंय कुटं? गुडघ्यापतूर गेलोय!"

इथे माणूस उठतो. मी ॲपर्चर बदललं. अकराच्या आकड्यावर आबांचं नाक कळत होतं, म्हणून पाच पॉइंट सहावर आणून सासरे धूसर केले. नऊ फोटो काढले. प्रत्येकात गोळा आधीपेक्षा थोडा बुटका!

शेवटी सासूबाई धावत आल्या. दोघांनी मिळून ओढल्यावर आबा निघाले, एक गमबूट आतच राहिला.

"दिसलं न्हाई व्हय तुमास्नी?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही हो आई, मागचं सगळं धूसर होतं." (शब्दाला शब्द खरं!)

फोटो इतका देखणा आला, की आबांनी फ्रेम करून मागितला. सासूबाई ओरडल्या, "कळलावी घरात लावू नगा, भांडणं व्हत्यात!" तरी तो ओटीवर लागला. तीन वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला आबा कौतुकानं सांगायचे, "आमच्या जावयानं काडलाय." आणि मी चहाच्या कपात तोंड लपवायचो.

गेल्या महिन्यात लोणावळ्याचे पाहुणे आले. एकानं विचारलं, "मागे हे पिवळं काय आहे?"

"सूर्यफूल असंल," आबा म्हणाले.

मला राहवेना. "आबा, ते तुम्ही आहात. मी तुम्हाला पाहिलं होतं. पाहूनसुद्धा फोटो काढत बसलो."

सासूबाईंनी फ्रेमकडे बोट केलं, "म्हनलं हुतं ना, घरात कळ लावनार ही!"

आबा मात्र खो खो हसायला लागले. "माजा रेनकोट मी वळखायचो न्हाई? तुमी कवा सांगताय, त्याचीच वाट बघत हुतो."

"मग फ्रेम कशाला लावलीत?"

"लग्नानंतर माजा एकट्याचा फोटू हाच! पावण्यांना मी फूल दावतो व्हय? मला दावतो!"

त्या दिवशी मी तीन वर्षांनी तिथला चहा चवीनं प्यायलो. आता हलकं वाटतं. तरीही आबांना मी अजून एक फोटो देणं लागतो : नाकासकट, स्पष्ट आणि कोरड्या जमिनीवर.