ज्ञानोबा मॅट्रिक पास होता

ज्ञानोबा गेल्याचं कार्ड मला शाळेतच मिळालं. नववीचा तास चालू होता. शिपाई आला, टेबलावर कार्ड ठेवून गेला. विषमज्वर, अकरा दिवस, शेवटी शुद्ध नव्हती, एवढंच त्याच्या शेजारच्या भिमाने वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं. मी तास पुरा केला. समीकरणं शिकवत होतो... संध्याकाळच्या गाडीने चिंचवडला पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. चार दिवसांनी कारखान्याच्या फाटकाबाहेर, शिफ्ट सुटल्यावर, कामगारांनी शोकसभा घेतली. तिथे कारखान्यातले एक अधिकारी बोलले. माणूस भला असावा. ते म्हणाले, "ज्ञानोबा निरक्षर होता, पण निरक्षर असूनही त्याची बुद्धी शिकलेल्याला लाजवील अशी होती." लोकांनी माना हलवल्या. मी मागे, सायकलींच्या रांगेपाशी उभा होतो. ज्याच्या वह्या उतरवून मी मॅट्रिक झालो त्याच्याबद्दल हे चाललं होतं, आणि मी तोंड उघडलं नाही. असं गप्प राहण्याची माझी ही दुसरी खेप. आज पाच आठवडे झाले. लोक म्हणतात, हळूहळू दुःख ओसरतं. ओसरतही असेल, पण माझा राग रोज थोडा थोडा वाढतोच आहे.

माझे वडील चाकणच्या बाजारात कांद्याच्या गोणी वाहायचे. हायस्कूलसाठी त्यांनी मला चिंचवडला मावशीकडे ठेवलं, आणि आठवीच्या वर्गात पहिल्याच दिवशी ज्ञानोबा माझ्या बाकावर आला. नदीपलीकडच्या वाडीतून तो चालत यायचा. वडील लहानपणीच गेलेले. तो, त्याची आई आणि धाकटा भाऊ नामा हे सगळे थोरल्या चुलत्याच्या, आबांच्या घरात. मला बीजगणित म्हणजे भिंत वाटायची. ज्ञानोबाने ती भिंत पाडली म्हणण्यापेक्षा, तिला दार आहे हे मला दाखवलं. त्याची एक रीत होती. गणित आधी डोळे मिटून तोंडी करायचं आणि मग वहीत एकदाच लिहायचं. खाडाखोड त्याला सहन व्हायची नाही. "अरे, हातानं विचार करतोस व्हय?" असं म्हणून तो माझी पेन्सिल काढून घ्यायचा. त्याचं अक्षर इतकं सुबक होतं की हेडमास्तर शाळेच्या फळ्यावरचा सुविचार त्याच्याकडून लिहून घ्यायचे. मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा तो पहिल्या वर्गात आला, गणितात शाळेत पहिला. मी दुसऱ्या वर्गात, तोही काठावर. स्वातंत्र्याला तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. शिकलेल्या पोरांसाठी आता दारं उघडणार असं सगळेच म्हणत होते, आणि आम्ही ते खरं धरून चाललो होतो.

त्याच वर्षी आकुर्डीच्या बाजूला रंगाचा एक कारखाना उभा राहिला. त्याच्यासाठी ज्या घरांची जमीन गेली त्यांत आबांचं घर होतं. घरटी एक माणूस कामावर घेऊ, असं तोंडी कबूल झालं होतं. आता शहरातल्या वाचकाला वाटेल, नोकरी म्हणजे नोकरी, आवडली तर करावी, नाही तर सोडावी. आमच्याकडे तसं नव्हतं. जमिनीच्या बदल्यात मिळालेली नोकरी ही त्या घरांत जमीनच मानली जायची. ती सगळ्या घराची. घरातल्या कर्त्याने ज्याला नेमलं त्याने ती कसायची, आणि पडीक टाकली तर पुढच्या पिढीचा शाप घ्यायचा. हेडमास्तर स्वतः वाडीवर गेले. मीही बरोबर होतो. "मुलाला कॉलेजात जाऊ द्या, बोर्डिंगची फुकट सोय मी करतो, इंजिनिअर होईल," असं त्यांनी परोपरीने सांगितलं. आबांनी त्यांना घोंगडीवर बसवलं, चहा पाजला आणि शांतपणे म्हणाले, "गुर्जी, विंजनेर झाल्यावर तो तुमचा व्हईल, सरकारचा व्हईल. आमचा ऱ्हाईल का?" हेडमास्तर उठले. त्या बोर्डिंगची ती जागा मग मला मिळाली. मी पदवीधर झालो तो त्या जागेवर. हेडमास्तरांचे उपकार मी जन्मभर मानीन. पण ती जागा माझी नव्हती, हे कुठेतरी एकदा लिहून ठेवायला हवं होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. कारखान्यात मॅट्रिक झालेल्या मुलाला चार वर्षांत काहीतरी बरं मिळालं असतं. पण भरती करणारा मुकादम आबांना म्हणाला, "पाटील, शिकलेलं पोर नको हां राव. चार दिवस ऱ्हातंय, मग युनियन काढतंय न्हाई तर पळून जातंय. अंगठेवाला हाय का घरात?" आबा म्हणाले, "हाय की." घरात कामाच्या वयाचा तोच एक होता. आबांनी ज्ञानोबाला नेऊन उभं केलं, अर्जावर शिक्षणाच्या जागी रेघ मारायला लावली आणि खाली त्याचा अंगठा उमटवला. मला हे कळलं तेव्हा मी हसलो होतो. खरंच हसलो. ज्ञानोबाही हसला. म्हणाला, "फळ्यावर सुविचार लिहिणाऱ्याचा अंगठा घेतला बघ. चांगला उमटलाय पण." आम्हाला ती तात्पुरती गंमत वाटली. सतरा वर्षांच्या पोरांना काय कळतं... पण आबा सतरा वर्षांचे नव्हते.

दोन वर्षं तो रंगाचे डबे धूत होता. मग तिथल्या रसायनतज्ज्ञ साहेबांच्या लक्षात आलं की या पोराला मिश्रणाचं प्रमाण तोंडी काढता येतं. किती पिंपांना किती पांढरा आणि किती निळा, हे तो कागदाआधी सांगायचा. साहेबांनी विचारलं, "शिकलायस का रे काही?" प्रयोगशाळेत मदतनीस घ्यायचा होता, मॅट्रिकची अट होती. ज्ञानोबा मला भेटायला पुण्याला आला. रात्रपाळी करून थेट आला होता, नखांत हिरवा रंग होता. मी तेव्हा इंटरला, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि मला सगळं येत होतं. मीच त्याला म्हणालो, प्रमाणपत्र घे, जा, खरं सांग, साहेब चांगला आहे, मी येतो बरोबर. त्याने ते प्रमाणपत्र आईच्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून आणलं. आम्ही दोघं कारखान्याच्या कचेरीत गेलो. आणि तिथे आमच्या आधी आबा येऊन उभे होते. पागोटं बांधून, हात जोडून. वाडीत कुणीतरी त्यांना बातमी पोचवली होती. पोरगं आता पकडलं जाणार, खोटा अर्ज केला म्हणून काढलं जाणार, जमीन गेली तशी जमिनीची नोकरीही जाणार, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

ज्ञानोबाने प्रमाणपत्र टेबलावर ठेवताच आबा म्हणाले, "साहेब, त्यो कागद आमच्या पोराचा न्हाई. वाडीत दोन ज्ञानोबा हायत. दुसरा शिकलेला हाय. आमचा अडाणी हाय, पर कामाला वाघ हाय. त्येला काढू नगा." असं म्हणून त्यांनी वाकून साहेबांच्या बुटाला हात लावला. सत्तरीचा माणूस. साहेब गोंधळले. त्यांनी भिंतीवरची एक इंग्रजी पाटी काढून ज्ञानोबापुढे धरली. "वाच." खोलीत पंखा फिरत होता. ज्ञानोबाने पाटीकडे पाहिलं, मग आबांच्या पागोट्याकडे पाहिलं. पागोटं अजून वाकलेलंच होतं. तो म्हणाला, "येत न्हाई साहेब." साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही कोण? तुम्हाला काय माहीत आहे?" मी म्हणालो, "मी... मी चाकणचा." हे माझं उत्तर. कॉलेजात इंग्रजी निबंधात बक्षीस मिळवलेल्या मुलाचं उत्तर. साहेबांनी प्रमाणपत्र टेबलाच्या खणात टाकलं. म्हणाले, खरा मालक येईल तेव्हा देऊ.

परतताना मी संतापून बोलत होतो. तो म्हणाला, "पाटीवर काय होतं ठाऊक हाय? 'येथे थुंकू नये.' बरं झालं वाचलं न्हाई. वाचलं असतं तर थुंकलो असतो." मग म्हणाला, "आबा माझ्यासाठी साहेबाच्या पायाशी वाकले रे. त्यावर मी काय वाचून दाखवायचं होतं?" या वाक्याचं उत्तर मला आता सुचतं. वाचायला हवं होतंस, ज्ञानोबा. आबांचं वाकणं खोट्यासाठी होतं. ते सरळ करायला तुझाच एक शब्द पुरला असता. आणि तू बोलत नव्हतास तर मी बोलायला हवं होतं. तुझ्यावर चिडताना मला दर वेळी स्वतःचं ते 'मी चाकणचा' आठवतं.

त्यानंतर तो खरोखरच अडाणी झाला, म्हणजे लोकांपुढे. कारखान्यात कुणाला संशय येऊ नये म्हणून त्याने वर्तमानपत्र हातात धरणं सोडलं. चिंचवड स्टेशनजवळच्या ज्या खोलीत तो राहायचा, तिथे भिमा त्याला बातम्या वाचून दाखवायचा आणि हा "असं व्हय" म्हणत ऐकायचा. मला त्याची कार्डं यायची ती भिमाच्या हातची. 'ज्ञानोबा सांगतो की तब्येत बरी आहे.' मी एकदा रागाने लिहिलं, तुझ्या हातचं एक कार्ड पाठव, नाही तर पाठवू नकोस. तीन महिने कार्ड आलं नाही. मग भिमाच्या अक्षरात आलं : 'ज्ञानोबा सांगतो की सवय मोडली.' शेवटची भेट दिवाळीची. मी पदवी मिळाल्याचे पेढे घेऊन गेलो होतो. पदवीचा कागद बघायला मागेल असं वाटलं होतं. त्याने हात धुतले, टॉवेलला पुसले, कागद नुसता हातात घेऊन वजन करावं तसा धरला आणि परत दिला. "जड हाय," म्हणाला, आणि हसला. अंगठ्याला पगाराच्या दिवसाची शाई होती.

तेराव्यानंतर त्याची खोली रिकामी करायला आबा आले. मीही गेलो. एक वळकटी, एक स्टोव्ह, दोन सदरे. खोलीत कागदाचा कपटासुद्धा नव्हता, जणू कुणीतरी मुद्दाम निवडून काढला असावा. आम्ही सामान बांधत होतो तेवढ्यात चाळीतली चार-पाच मुलं उंबऱ्यावर येऊन बसली आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. मला कळेना. भिमाची नऊ वर्षांची शांता म्हणाली, "रोज या वेळेला गणितं असतात. काका नाहीत ना, मग आमची आम्हीच घालतो." मी विचारलं, पाट्या कुठे आहेत? ती म्हणाली, "काकांना लिहायला येत नव्हतं. म्हणून आमी बी आणत न्हाई. सगळं तोंडी."

मी म्हणालो, "शांता, काकांना लिहायला येत होतं." आबांनी वळकटीची गाठ तशीच सोडली. "गप, मास्तर," ते हळू आवाजात म्हणाले. "त्याच्या जागी नामाचं नाव लागायचं हाय." मी म्हणालो, "नामा यंदा मॅट्रिकला बसलाय, आबा." ते म्हणाले, "म्हून तर." म्हणजे पुन्हा तेच. पुन्हा रेघ, पुन्हा अंगठा. या माणसाला मी मूर्ख म्हणू शकत नाही, दुष्टही म्हणू शकत नाही. त्यांचं शेत गेलं, हे खरं आहे. पण एका शेताच्या बदल्यात ते किती पोरं गाडणार आहेत, हे त्यांना कुणीतरी विचारायला हवं होतं, आणि त्या दिवशी मी विचारलं. त्यांनी वळकटीची गाठ पुन्हा आवळली. नामाला मी पुण्याला माझ्या खोलीवर बोलावलं आहे. आबा पाठवतील की नाही, सांगता येत नाही. कारखान्यात हा लेख कुणी वाचला तर नामाचं नाव लागणार नाही, हे मला माहीत आहे. मी नामाला विचारूनच लिहितो आहे.

शांता मध्येच उठून घरी गेली होती. येताना पाटी-पेन्सिल घेऊन आली आणि माझ्यापुढे धरून म्हणाली, "काका कसं लिहायचे, दाखवा." चार वर्षं मी त्याच्या वह्या उतरवल्या होत्या. त्याचं अक्षर माझ्या हातात अजून होतं. वरची रेघ एका दमात, अनुस्वार नेमका मधोमध. मी त्याचं पूर्ण नाव लिहिलं आणि त्याखाली, मॅट्रिक, पहिला वर्ग. मुलं वाकून बघत होती. आबांना वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, "काय लिवलंय?" शांताने एकेका शब्दावर बोट ठेवत मोठ्याने वाचून दाखवलं.

"पूस त्ये," आबा म्हणाले.

शांताने माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. मग पाटीवरचं अक्षर पुसलं जाणार नाही अशी, अंगापासून लांब धरून, ती पाटी घरी घेऊन गेली.